ठणकते की सणकते?

दुसऱ्याची दाढ दुखली की आपल्याला थोडे हसू येते. मलाही येत असे. गेल्या वर्षी माझ्या डाव्या बाजूच्या खालच्या दाढेचे रूट कॅनाल झाले आणि ते हसू मावळले. दोन वेळा तासतासभर तोंड उघडे ठेवून बसले. दाढ शांत झाली. दुखणे मात्र कानापुढे जाऊन बसले. सकाळी जबडा आखडलेला, भाकरी चावताना कळ आणि वर्गात दोन तास शिकवले की कानशिलापर्यंत ठणका!

सासूबाईंनी पहिल्याच रात्री लवंग देताना विचारले होते, “ठणकते का सणकते वं?” मी त्रासून म्हटले, “दुखतंय!” मराठीची प्राध्यापिका, आणि दुखण्याला एवढा एकच शब्द!

तीन महिने गेले. एक्स-रेत काही दिसेना. एका दंतवैद्यांनी सुचवले, शेजारची दाढ काढून पाहू. मी तयारही झाले. वेदनेपुढे माणूस काहीही कबूल करतो. पण यजमान म्हणाले, “काढलेली दाढ परत उगवत नाही. आधी नागपूरला दाखवू.”

वणीहून वरोऱ्यामार्गे नागपूर गाठले. तिथल्या डॉक्टरांनी दाढ पाहण्याआधीच विचारले, “ठणकते की चमकते? किती वेळ? कशाने वाढते?” मग कानापुढे बोटे ठेवून तोंड उघडायला-मिटायला लावले. निदान झाले: दाढ निर्दोष, फार वेळ ताणलेला जबड्याचा सांधा आणि त्याचे स्नायू दुखावलेले! उपाय साधे निघाले. मऊ अन्न, गरम शेक, हलका व्यायाम आणि जांभई आवरती.

डॉक्टरांनी शब्दांचा भेद समजावला. सांध्याचे दुखणे मंद ठणकते, चावताना वाढते. चेहऱ्याच्या मज्जातंतूचे दुखणे विजेसारखे सणकते. काही सेकंदच टिकते, पण तोंड धुताना किंवा वाऱ्याच्या झुळुकेनेही उठते. ते दाढेचेच वाटून चांगल्या दाढा काढल्या जातात आणि दुखणे तसेच राहते. अभिनेते सलमान खान यांनी याच मज्जातंतूच्या विकारावर २०११ साली अमेरिकेत शस्त्रक्रिया करून घेतली. फेफऱ्यावरचे कार्बामाझेपीन यावर गुणकारी असल्याचे स्वीडनच्या ब्लोम यांनी १९६२ साली दाखवले. आजही पहिले औषध बहुधा तेच दिले जाते.

दाढ काढल्यावर तीन-चार दिवसांनी कळा वाढल्या तर जखमेतली गुठळी सुटलेली असू शकते. सूज, ताप किंवा ओठाला बधिरता असेल तर मुळीच थांबू नये. आणि आपल्याकडच्या खर्रा खाणाऱ्यांचे तोंड हळूहळू उघडेनासे होते, ती तर निराळी आणि गंभीर बाब. तीही लगेच दाखवावी.

म्हणून वैद्याकडे जाताना दुखण्याचा नेमका शब्द, वेळ आणि कारण कागदावर लिहून न्यावे. निम्मे निदान तिथेच होते.

घरी येऊन सारे सांगितले, तेव्हा सासूबाई एवढेच म्हणाल्या, “मी तर पहिल्याच दिवशी विचारलं होतं!”

यंदाच्या दिवाळीत चकली खाता येते आहे. घास मात्र लहान!