मोत्या निघाला फुकेतला!

लॅपटॉप आणि बऱ्यापैकी वाय-फाय असलं की हल्ली ऑफिस कुठेही थाटता येतं. अगदी नारळाच्या झाडाखालीसुद्धा! पण घरात चार पायांचा मेंबर असेल तर? कुत्र्याला घेऊन थेट बीचवर शिफ्ट व्हायची स्वप्नं बघणाऱ्यांसाठी हा सगळा हिशोब...

हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये नाहीतर अंधेरीच्या पुलावर पाऊण तास अडकलेल्या प्रत्येकाच्या मनात हा विचार एकदा तरी येऊन गेलेला असतो. बस्स झालं, आता सगळं सोडून समुद्रकिनारी जाऊन राहायचं. पूर्वी हे फक्त बोलण्यापुरतं असायचं. आता तसं राहिलेलं नाही. 2024 साली थायलंडने ‘डेस्टिनेशन थायलंड व्हिसा’ सुरू केला. परदेशातल्या कंपनीचं काम लॅपटॉपवर करणाऱ्यांसाठी पाच वर्षांचा व्हिसा, एका वेळी 180 दिवसांचा मुक्काम. खात्यात पाच लाख बाट दाखवा, फी भरा आणि चला फुकेतला. मुंबईहून बँकॉक जेमतेम साडेचार तासांवर. जेवण ‘आपल्याला’ झेपेल इतकं तिखट. आणखी काय हवं?

हवं काय, तर सोफ्यावर पाय पसरून झोपलेल्या त्या महाशयांची परवानगी! त्याचं नाव ब्रुनो असो, सिम्बा असो नाहीतर अस्सल मराठी मोत्या. तुमच्या प्लॅनमधला सगळ्यात अवघड प्रवासी तोच आहे. तुमचा व्हिसा निघेल हो. त्याचे कागद मात्र रेशन कार्डाला लागत नाहीत इतके लागतात. आणि या कागदांचं सगळं गणित एका शब्दाभोवती फिरतं : रेबीज.

नकाशा रेबीजचा

आपण देश निवडतो तो फोटो बघून. कुत्रं सोबत असेल तर देश निवडायचा तो रेबीजचा नकाशा बघून. जगात रेबीजचे सर्वाधिक बळी जिथे जातात त्या देशांत भारत वरच्या नंबरवर आहे. त्यामुळे आपल्या पासपोर्टपेक्षा आपल्या कुत्र्याच्या पासपोर्टकडे जग जास्त संशयाने बघतं.

मालदीव घ्या. हनिमूनवाल्यांचा लाडका, पण कुत्रा आणायला तिथे बंदी. विषय संपला. बालीमध्ये 2008 साली रेबीज शिरला आणि त्यानंतर वर्षानुवर्षं बाहेरचं कुत्रं बेटावर आणणं बंद होतं. हवाई हे अमेरिकेतलं रेबीजमुक्त राज्य. तिथे अटी पूर्ण नसतील तर कुत्र्याला 120 दिवसांपर्यंत क्वारंटाइन! ऑस्ट्रेलियातल्या केर्न्सचं स्वप्न असेल तर मामला आणखी लांबचा. भारतातून कुत्र्याला थेट प्रवेशच नाही. आधी त्यांच्या मान्यताप्राप्त यादीतल्या देशातून जावं लागतं. शिवाय रेबीजची रक्ततपासणी झाल्यावर 180 दिवस थांबायचं.

इतकं थांबायचं कशासाठी? कारण साधं आहे. रेबीजची लागण झाली तरी लक्षणं दिसायला काही आठवड्यांपासून काही महिने लागू शकतात. वरून ठणठणीत दिसणारं कुत्रं आतून आजारी नाही ना, याची खात्री करून देणारी गोष्ट एकच... वेळ. म्हणून तर अनेक देश रक्तातल्या अॅण्टिबॉडी मोजतात (0.5 आययू प्रति मिलीलिटर हा पासिंगचा आकडा) आणि वरून थांबायलाही लावतात.

थायलंड या यादीत खूपच सोपा. तिथेही रेबीज आहे, त्यामुळे नियम कडक असले तरी आवाक्यातले आहेत. मायक्रोचिप, निघण्याच्या किमान 21 दिवस आधी दिलेली रेबीजची लस, डिस्टेंपर-हेपटायटिस-पार्व्होच्या लसी, लेप्टोस्पायरोसिसची लस किंवा निगेटिव्ह रिपोर्ट, आणि तिथल्या पशुधन विभागाचा इम्पोर्ट परमिट. (लेप्टो म्हणजे काय हे 26 जुलै 2005 चा पूर पाहिलेल्या मुंबईकरांना सांगायला नकोच!) कागद नीट असतील तर एअरपोर्टवर तपासणी करून कुत्रा तुमच्या ताब्यात. पिटबुल आणि अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरिअर या दोन ब्रीड्सना मात्र नो एण्ट्री.

आधी चिप, मग लस

पूर्ण प्रोसेसमधली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही. मायक्रोचिप म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी वस्तू, खांद्याच्या मध्ये कातडीखाली इंजेक्शनने बसवतात. त्यात 15 आकडी नंबर असतो. आता समजा, लस आधी दिली आणि चिप नंतर बसवली. ती लस याच कुत्र्याला दिली हे सिद्ध कसं करणार? म्हणून अनेक देश चिपच्या आधीची रेबीजची लस धरतच नाहीत. परत लस, परत 21 दिवस. तुमच्या जॉइनिंगची तारीख राहिली बाजूला!

बरं, हा 15 आकडी नंबर प्रत्येक कागदावर सेम टू सेम हवा. व्हॅक्सिनेशन बुक, फिटनेस सर्टिफिकेट, परमिट, सगळीकडे. तिथला अधिकारी स्कॅनर फिरवतो आणि नंबर जुळवून बघतो. एक आकडा चुकला तर मोत्या आत, तुम्ही बाहेर.

भारतातून निघण्यासाठी शेवटचा शिक्का असतो तो केंद्र सरकारच्या ‘अॅनिमल क्वारंटाइन अॅण्ड सर्टिफिकेशन सर्व्हिसेस’चा. महाराष्ट्रवाल्यांसाठी हे ऑफिस मुंबईत. म्हणजे पुणेकरांनो, फ्लाइटच्या आधीच्या आठवड्यात मुंबईची एक चक्कर धरून चाला. नेहमीच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट घेऊन गेलात की तिथले सरकारी व्हेट तपासून एक्स्पोर्ट हेल्थ सर्टिफिकेट देतात. हे फार आधी काढून चालत नाही, कारण त्याची मुदत मर्यादित असते.

थोडक्यात काय, तर कॅलेंडर उलटं मोजा. फ्लाइटची तारीख धरून मागे या. थायलंडसाठी तीन महिने हातात असले तर टेन्शन नाही. कंपनीचा ऑफर लेटर सही करण्याआधीच एचआरला सांगा, ‘माझ्यासोबत एक डिपेण्डण्ट आहे.’ हसतील, हसू देत.

कार्गो म्हणजे सामान नाही!

विमानाच्या पोटात कुत्र्याला ठेवतात म्हटल्यावर आईच्या डोळ्यांत पाणी येतं. साहजिक आहे. पण जिवंत प्राणी ठेवायचा तो कप्पा केबिनसारखाच प्रेशराइज्ड असतो, तापमानही सांभाळलेलं असतं. खरी रिस्क जमिनीवरची. मे महिन्यातल्या दुपारी टारमॅकवर थांबलेला क्रेट म्हणजे भट्टीच. म्हणून फ्लाइट रात्रीची घ्या आणि शक्यतो डायरेक्ट. देशातल्या काही बजेट एअरलाइन्स पेट्स घेतच नाहीत, काही केबिनमध्ये फक्त आठ-दहा किलोच्या आतलं पिल्लू चालवून घेतात. तीस किलोचा लॅब्राडोर असेल तर कार्गोशिवाय पर्याय नाही. भाडंही कुत्रा अधिक क्रेट यांच्या वजनावर किंवा आकारमानावर लागतं. घरापासून घरापर्यंत सगळं करून देणारे एजंट आहेत, पण तो आकडा तुमच्या स्वत:च्या तिकिटाच्या कित्येक पट जातो. आधीच विचारून ठेवा.

क्रेटच्या मापाचा फंडा क्लिअर हवा. लांबी म्हणजे नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतचं अंतर, अधिक जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीच्या निम्मं. रुंदी खांद्याच्या दुप्पट. उंची उभ्या कुत्र्याच्या डोक्यापर्यंत, कान ताठ असतील तर कानांच्या टोकापर्यंत. आत उभं राहता, वळता आणि पसरता आलं पाहिजे. आणि हा क्रेट आदल्या दिवशी घरी आणू नका. दोन महिने आधी हॉलमध्ये मांडा, दार उघडं ठेवा, जेवण त्यातच द्या. तुमचा न धुतलेला टी-शर्ट आत टाका. कुत्र्यासाठी ती खोली ‘आपली’ झाली की अर्धी लढाई जिंकलीत.

झोपेचं औषध देऊ का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. उत्तर : नाही. गुंगीच्या औषधाने विमानात श्वास आणि रक्तदाबाचा घोळ होऊ शकतो, म्हणून एअरलाइन्स आणि व्हेट दोघंही नको म्हणतात.

आता एक कडू गोष्ट. 2003 साली हचची जाहिरात आली आणि घराघरात पग आला. दिसायला गोड, पण चपट्या नाकामुळे पग, बुलडॉग, बॉक्सर, शित्झू यांना उकाड्यात आणि स्ट्रेसमध्ये श्वास पुरत नाही. अनेक एअरलाइन्स त्यांना कार्गोत घेत नाहीत, ते उगाच नाही. तुमच्याकडे दहा वर्षांचा पग असेल तर फुकेतचा प्लॅन डॉक्टरांसमोर ठेवा आणि त्यांचं ‘नाही’ ऐकायची तयारी ठेवा.

बीच लाइफ, पण कुणाची?

पोहोचलात एकदाचे! बँकॉकच्या सुवर्णभूमी एअरपोर्टवरून पुढे फुकेत साडेआठशे किलोमीटरच्या आसपास. बेट असलं तरी पुलाने जोडलेलं आहे, त्यामुळे गाडीनेही जाता येतं. लॉंग स्टेवाले लोक पटोंगच्या गोंगाटापेक्षा दक्षिणेकडचं रवाई, नाय हार्न पसंत करतात. घर बघताना मात्र सावध. आपल्याकडे सोसायटीला सरसकट कुत्रा-बंदी करता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या सूचना सांगतात. तिथे तसं नाही. मालक हो म्हणाला तरी कॉण्डोचे नियम नाही म्हणू शकतात. छोटं बैठं घर आणि ‘कुत्रा चालेल’ हे करारात लेखी, हाच सेफ ऑप्शन.

थाई लोकांना कुत्र्यांचं वावडं नाही. त्यांचे राजे भूमिबोल यांची लाडकी थोंगदेंग ही रस्त्यावरच्या कुत्रीची पिल्लू होती. 2002 साली राजांनी तिच्यावर चक्क पुस्तक लिहिलं! त्यामुळे तुमच्या इंडी मोत्याकडे कुणी नाक मुरडून बघणार नाही. पण ‘सोई’, म्हणजे गल्लीतले कुत्रे, बघतील. आपल्या गल्लीसारखीच त्यांचीही हद्द असते. 2003 पासून सोई डॉग फाउंडेशन ही संस्था फुकेतमध्ये नसबंदी आणि लसीकरण करते आहे, तरी बीचवर टोळ्या भेटतातच. लीश सोडायची नाही आणि रेबीजचा वार्षिक डोस चुकवायचा नाही.

बाकीचे शत्रू दिसत नाहीत. कुत्र्याला घाम आपल्यासारखा येत नाही, तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि अंग गार करतो. दमट हवेत हे मशीन नीट चालत नाही. पुण्याच्या कोरड्या हवेत वाढलेल्या कुत्र्याला पहिले काही आठवडे फक्त पहाटे आणि संध्याकाळी फिरवा. वाळूवर हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवून बघा. तुम्हाला चटका बसला तर त्याच्या पंजालाही बसणारच. डासांमुळे हार्टवर्म, गोचिडांमुळे टिक फीव्हर. दोन्हींची औषधं नेमाने द्यायची. खारं पाणी प्यायला की उलट्या-जुलाब, म्हणून गोड पाण्याची बाटली सोबत हवीच. किनाऱ्यावर पडलेला मेलेला केंड मासा तोंडात घेऊ देऊ नका, त्याचं विष जीवघेणं असतं. आणि मे ते ऑक्टोबर तिथेही आपल्यासारखाच पाऊस. लाल झेंडा लागला की पाण्यात कुणीच नाही, तुम्ही नाही आणि मोत्याही नाही.

नेणार की ठेवणार?

हे सगळं वाचून ‘जाऊ दे, आई-बाबांकडे ठेवू’ असं वाटलं असेल तर त्यात वाईट काहीच नाही. फक्त प्रामाणिकपणे ठरवा. साठी ओलांडलेल्या बाबांना तुमचा तीस किलोचा लॅब्राडोर सकाळ-संध्याकाळ ओढत नेणार, हे त्यांना चालणार आहे का? त्यांना विचारलंय का, की गृहीत धरलंय? म्हातारं, आजारी किंवा चपट्या नाकाचं कुत्रं ओळखीच्या घरात, ओळखीच्या माणसांकडे जास्त सुखी राहू शकतं. मात्र ‘सोसायटीत कुणीतरी खायला घालेलच’ म्हणून गेटबाहेर सोडून जाणं हा पर्याय नव्हे. उपाशी-तहानलेलं राहील अशा अवस्थेत प्राण्याला टाकून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, लिफ्टचा आवाज आला की कान टवकारून दाराकडे बघणाऱ्या जिवाला तुमचा करिअर मूव्ह कळत नाही. त्याला बीचही कळत नाही. त्याला कळता फक्त तुम्ही.

आणि नेणार असाल तर परतीचाही विचार आत्ताच करा. भारतात कुत्रा परत आणायलाही क्वारंटाइन विभागाची एनओसी लागते. एक्स्पोर्टचे सगळे मूळ कागद म्हणूनच जपून ठेवायचे, अगदी डिग्री सर्टिफिकेटसारखे.

निघण्यापूर्वीची चेकलिस्ट

- 3 महिने आधी : मायक्रोचिप, त्यानंतर रेबीज आणि इतर लसी, क्रेट घरात
- 2 महिने आधी : एअरलाइनशी लेखी बोलणं, पेट चालणाऱ्या घराचा शोध
- 1 महिना आधी : थाई इम्पोर्ट परमिटचा अर्ज, चिप नंबर सगळीकडे पडताळणं
- शेवटचा आठवडा : डॉक्टरांचं फिटनेस, मुंबईतून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट
- त्या दिवशी : हलकं जेवण काही तास आधी, भरपूर चालणं, क्रेटमध्ये पाणी, सगळ्या कागदांच्या दोन झेरॉक्स

अजूनही मन हो-नाही करतंय? मग आधी एक स्वस्तातली ट्रायल घ्या. पंधरा दिवसांचं वर्क फ्रॉम होम मागा, मोत्याला गाडीत घाला आणि गुहागर नाहीतर मांद्रे गाठा. तोच दमटपणा, तीच वाळू, तेच गल्लीतले दादा लोक. तो नीट जेवतोय का, झोपतोय का, धापा किती टाकतोय, ते बघा. आणि तुम्ही स्वत: काम आणि कुत्रा दोन्ही सांभाळू शकताय का, तेही. पंधराव्या दिवशी तो लाटांवर भुंकत पळत सुटला तर चिप बसवायला डॉक्टरांची अपॉइण्टमेंट घ्या. आणि पंखा सोडून हलायलाच तयार नसेल, तर त्यानं त्याचं उत्तर दिलंय.