ब्रेक डिस्क कधी बदलायची? उत्तर डिस्कवरच कोरलेलं असतं

पावसात दोन दिवस उभ्या राहिलेल्या गाडीची डिस्क तांबडी दिसली की पुष्कळांना वाटतं, गंज चढला, आता डिस्क गेली. तसं नसतं. डिस्क बहुधा बिडाची असते आणि उघड्या बिडावर दमट हवेत एका रात्रीत तांबूस थर धरतो. पहिल्या काही ब्रेकमध्ये पॅड तो पुसून काढतात. धास्ती धरायची ती खड्डे पाडणाऱ्या गंजाची. समुद्रकाठी महिनोन्महिने बंद उभ्या असलेल्या गाड्यांत तो आढळतो आणि कितीही ब्रेक मारले तरी जात नाही. अशी डिस्क बदलायलाच हवी.

‘अमुक हजार किलोमीटरला डिस्क बदलायची’ हा नियमही खरा नाही. मोकळ्या महामार्गावर धावणारी गाडी आणि रोज शहरातल्या कोंडीत रखडणारी गाडी यांची झीज सारखी कशी असेल? खरा निकष जाडीचा. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या उंचवट्यावर किमान जाडी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. नवी असताना २२ मिलिमीटर असलेल्या डिस्कची मर्यादा २० असू शकते, म्हणजे दोन्ही बाजू मिळून झिजायला जेमतेम २ मिलिमीटर. डिस्क पातळ झाली की उष्णता साठवायला लोखंड कमी उरतं. घाट उतरताना ती लवकर तापते, पॅडची पकड सुटू लागते आणि डिस्कला तडेही जाऊ शकतात.

ही जाडी नुसत्या नजरेने ठरवता येत नाही. पॅड जिथे पोचत नाही तिथे, अगदी बाहेरच्या कडेला, न झिजलेली धार उरते. साधा व्हर्निअर त्या धारेवर टेकला तर माप फसवं, जास्त येतं. मायक्रोमीटर कडेपासून सेंटिमीटरभर आत धरून सहा-आठ ठिकाणी मोजायला हवं. आतली बाजूही बघायला सांगा. कॅलिपरची पिन अडकली की एकच बाजू खाल्ली जाते, आणि चाकाच्या फटीतून दिसणारी बाहेरची बाजू मात्र गुळगुळीत असते. मोजमाप न करता ‘डिस्क गेली’ किंवा ‘अजून चालेल’ म्हणणाऱ्यावर विसंबू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ब्रेक दाबताच स्टिअरिंग थरथरलं की ‘डिस्क वाकली’ असं सगळेच म्हणतात. प्रत्यक्षात बहुतेक वेळा डिस्क सगळीकडे सारख्या जाडीची उरलेली नसते, किंवा पॅडचा थर तिच्यावर ठिकठिकाणी चिकटलेला असतो. ०.०२ मिलिमीटर इतका फरकही पायाला जाणवू शकतो. हे घडतं कसं? हबवरचा गंज न घासता डिस्क बसवली किंवा चाकाचे नट कमी-जास्त आवळले, तर डिस्क किंचित तिरकी फिरते आणि दर फेऱ्याला एकाच जागी घासली जाते. म्हणून हब न घासता नवी डिस्क घातली तर काही हजार किलोमीटरनंतर थरथर परत येते. लेथवर डिस्क सपाट करून घेता येते, पण त्यानंतरही जाडी मर्यादेच्या वर राहत असेल तरच.

पॅड बदलले की डिस्कही बदलावी, असं काही नाही. माप ठीक असेल तर तीच डिस्क पॅडच्या दुसऱ्या जोडालाही सहज पुरते. उलट मात्र चालत नाही. नव्या डिस्कवर जुने पॅड नकोत. एका बाजूची डिस्क संपली तरी दोन्ही चाकांच्या एकदमच बदलायच्या, नाहीतर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढू शकते.

काम चालू असताना तिथे उभे राहा. गाडी नुसत्या जॅकवर नको, खाली स्टँड हवा. सोडवलेला कॅलिपर ब्रेकच्या नळीवर लोंबकळत न ठेवता तारेने बांधायला सांगा. नव्या डिस्कवरचं गंजरोधक तेल क्लीनरने पूर्ण पुसायचं आणि नट समोरासमोरचे घेत टॉर्क रेंचने आवळायचे. गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहायचं, कारण मागे ढकललेला पिस्टन पुढे येईपर्यंत पहिले काही दाब पोकळच जातात. त्यानंतरचे दोन-तीनशे किलोमीटर शक्यतो जोराचा ब्रेक टाळा. डिस्क तापलेली असताना गाडी थांबवून ब्रेक दाबून धरू नका, नाहीतर पॅडचा ठसा तिथेच उमटतो.