क्लिनिकल ट्रायल म्हणजे काय रे भाऊ?

एप्रिल 2021 मध्ये महाराष्ट्रातला जवळजवळ प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप एकच गोष्ट शोधत होता: प्लाझ्मा. रक्तगट, हॉस्पिटलचं नाव, नातेवाइकाचा नंबर आणि शेवटी 'अर्जंट'. कोरोनातून उठलेली माणसं रक्तपेढीत जाऊन प्लाझ्मा देत होती, अनोळखी लोक एकमेकांसाठी गावभर फिरत होते. त्या धडपडीतली माणुसकी खरीच होती. पण ज्यासाठी ही धावाधाव चालली होती, त्याचा निकाल सहा महिने आधीच छापून आला होता. आयसीएमआरने 2020 मध्ये देशातल्या 39 रुग्णालयांत 464 मध्यम आजारी रुग्णांवर ट्रायल घेतली. प्लाझ्मा दिलेल्या 235 जणांपैकी 44 जणांचा आजार बळावला किंवा ते दगावले. न दिलेल्या 229 जणांत हा आकडा 41 होता. प्लाझ्माने फरक पडला नाही. ऑक्टोबर 2020 मध्ये 'बीएमजे' या नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं. सरकारी उपचार-सूचनांमधून प्लाझ्मा वगळला गेला तो मात्र मे 2021 मध्ये, दुसरी लाट ओसरू लागल्यावर.

"आमच्या काकांना प्लाझ्मा दिला आणि ते बरे झाले" असं कुणी सांगितलं तर ते खोटं नसतं. फक्त, प्लाझ्मा न मिळालेलेही बरेच काका बरे झाले आणि त्यांची गोष्ट कुणी फॉरवर्ड केली नाही. ट्रायलमध्ये या दुसऱ्या काकांनाही मोजतात. एवढी साधी गोष्ट लोकांच्या गळी उतरत नाही, आणि त्यातूनच बाकीचे गैरसमज वाढतात.

"डॉक्टरांना अनुभव असतो, मग ट्रायल कशाला?"

अनुभव आणि तर्क दोन्ही पक्के असूनही माणसं मरू शकतात, याचा सर्वांत कडवट दाखला हृदयरोगात आहे. हार्ट अ‍ॅटॅकनंतर ज्यांच्या हृदयाचे ठोके मधूनमधून चुकतात त्यांना पुढे धोका जास्त, हे माहीत होतं. ठोके नियमित करणारी औषधंही होती आणि ती घेतल्यावर ईसीजी सुधारलेला स्पष्ट दिसायचा. म्हणून 1980 च्या दशकात अमेरिकेत ही औषधं सर्रास दिली जात होती. मग 'कास्ट' नावाची ट्रायल झाली. एन्कॅनाइड किंवा फ्लेकॅनाइड घेणाऱ्या 755 रुग्णांपैकी 63 मेले, नुसत्या साखरेच्या गोळीसारखी निरुपद्रवी गोळी घेणाऱ्या 743 पैकी 26. ईसीजी सुधारत होता आणि रुग्ण जात होते. एखाद्या हृदयरोगतज्ज्ञाला आपल्या दवाखान्यात हे कधीच कळलं नसतं, कारण अ‍ॅटॅक येऊन गेलेला रुग्ण दगावला तर आजारालाच दोष दिला जातो, गोळीला कुणी देत नाही.

"उपचार काय सोडत काढून ठरवतात?"

हो, जवळपास तसंच. कुणाला कुठला उपचार मिळणार हे संगणक ठरवतो, म्हाडाच्या घरांसारखं. लोकांना सर्वांत जास्त चीड येते ती याचीच. एरवी नावाजलेल्या डॉक्टरची महिनाभर अपॉइंटमेंट मिळत नाही, आणि इथे तोच डॉक्टर म्हणतो की निर्णय मी घेणार नाही!

तो असं का म्हणतो, हे परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या एका ट्रायलवरून चांगलं कळतं. तंबाखू आणि गुटख्याच्या आपल्या देशात तोंडाचा कॅन्सर घरोघरी ऐकू येतो. तो सुरुवातीच्या टप्प्यात असेल आणि मानेत गाठ हाताला लागत नसेल, तर तोंडातली गाठ काढतानाच मानेतल्या लसिकाग्रंथीही काढाव्यात, की थांबून लक्ष ठेवावं आणि तिथे कॅन्सर दिसला तरच दुसरं ऑपरेशन करावं? जगभरचे सर्जन यावर पाच दशकं भांडत होते. दोन्ही बाजूंना दम होता. अशा बहुतेक रुग्णांच्या मानेत काहीच नसतं. त्यांची मान उगाच उघडायची, खांद्याचं दुखणं मागे लावायचं, हे 'थांबा' म्हणणाऱ्यांना पटत नव्हतं. 'काढा' म्हणणाऱ्यांचं म्हणणं होतं की काहींच्या मानेत कॅन्सर दडलेला असतो आणि तो दिसेपर्यंत उशीर होतो. प्रत्येकाकडे आपापल्या रुग्णांचे दाखले होते.

अडचण अशी, की सर्जन रुग्ण पाहून निर्णय घेतो. त्याला ज्याची काळजी वाटते त्याच्या मानेतल्या ग्रंथी तो काढतो, ज्याचं बरं दिसतं त्याला थांबवतो. मग पुढे दोन गटांची तुलना केली तर फरक ऑपरेशनचा की मुळातच वेगळ्या रुग्णांचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. सोडत काढली की दोन्ही गटांत तरुण-म्हातारे, गरीब-श्रीमंत, लहान-मोठ्या गाठींचे रुग्ण सारखेच विखुरतात. उरतो तो फक्त उपचाराचा फरक.

डॉ. अनिल डीक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये ही ट्रायल सुरू केली. 500 रुग्णांचा हिशेब झाला तेव्हा तीन वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण असं दिसलं: आधीच ग्रंथी काढलेल्यांत 80 टक्के, थांबलेल्यांत 67.5 टक्के. ट्रायलवर नजर ठेवणारी स्वतंत्र समिती असते. तिने हा फरक पाहिल्यावर आणखी रुग्ण घेणं थांबवण्यात आलं. 2015 मध्ये निकाल 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला आणि पाच दशकांच्या वादावर परळमधून उत्तर मिळालं. ज्यांची सोडत 'थांबा' अशी निघाली त्यांचं नुकसान झालं, हे खरं. पण सुरुवातीला कुठली चिठ्ठी नुकसानीची, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. डॉक्टरांना खरोखर माहीत नसतं तेव्हाच सोडत न्याय्य असते, आणि माहीत असताना काढली तर तो गुन्हा आहे.

"नवं संशोधन म्हणजे नवं, महागडं औषध"

वरच्या ट्रायलमध्ये औषधच नव्हतं. दुसऱ्या एका ट्रायलमध्ये होतं, पण लिग्नोकेन, म्हणजे दाताच्या डॉक्टरकडे रोज वापरलं जाणारं भुलीचं औषध. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन सुरू करण्याआधी सात ते दहा मिनिटं ते गाठीभोवती टोचायचं, इतकंच. ऑपरेशनच्या वेळी गाठीला हात लागतो तेव्हा काही पेशी सुटून पसरत असाव्यात आणि या औषधाने त्यांची ती क्षमता मंदावत असावी, अशी कल्पना. डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली देशातल्या 11 कॅन्सर केंद्रांत 1583 स्त्रियांवर हे तपासलं गेलं. पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण इंजेक्शन न दिलेल्या गटात 86.4 टक्के आणि दिलेल्या गटात 90.1 टक्के होतं.

इथे बातम्या कशा वाचाव्यात हेही सांगून टाकतो. हाच निकाल 'मृत्यूचा धोका 29 टक्क्यांनी घटला' असाही मांडता येतो, आणि तेही चूक नाही. पण 29 ऐकून वाचकाला वाटतं, शंभरातल्या 29 बायका वाचल्या. प्रत्यक्षात शंभरात जवळपास चार. इतक्या स्वस्त इंजेक्शनसाठी चार ही मोठीच संख्या आहे, पण ती चार आहे. बातमीत नुसती टक्केवारी दिसली की 'कशाच्या टक्के?' हा प्रश्न विचारायची सवय लावून घ्यावी.

उलट बाजूची घाईही नको. निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध पूर्ण मात्रेत आपल्याकडच्या फार थोड्या रुग्णांना परवडतं. टाटामध्येच डोकं आणि मानेच्या प्रगत कॅन्सरच्या 151 रुग्णांवर एक ट्रायल झाली. निम्म्या रुग्णांना तोंडाने घ्यायच्या स्वस्त औषधांच्या जोडीला हे औषध दर तीन आठवड्यांनी फक्त 20 मिलिग्रॅम दिलं गेलं. नेहमीची मात्रा दर दोन आठवड्यांनी 240 मिलिग्रॅम असते. वर्षभराने जिवंत असलेल्यांचं प्रमाण 16.3 टक्क्यांवरून 43.4 टक्क्यांवर गेलं. आनंदाची गोष्ट आहे. मात्र यावरून 'कमी मात्रा पूर्ण मात्रेइतकीच चालते' असा निष्कर्ष लगेच निघाला, आणि तो या ट्रायलमधून निघत नाही. तुलना अल्प मात्रा आणि हे औषध मुळीच न देणं यांच्यात होती, अल्प आणि पूर्ण मात्रेत नव्हती.

"एका गटाला खोटं औषध देऊन वाऱ्यावर सोडतात"

कॅन्सरच्या ट्रायलमध्ये सहसा नाही. प्रस्थापित उपचार दोन्ही गटांना मिळतो, नवं औषध त्यावर जोडलं जातं.

पण भीती अगदीच निराधार आहे असं म्हणणार नाही. उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, 1999 पासून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर मोठा अभ्यास झाला. खेड्यांतल्या 1,31,746 बायका, गावांचे 52 समूह. हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूच्या एकदाच केलेल्या तपासणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. 2009 मध्ये आलेला हा निकाल जगभर उद्धृत होतो. त्यातल्या एका गटाला मात्र तपासणी दिलीच नव्हती, आणि त्या गटात 64 जणी या कॅन्सरने गेल्या. 'त्या काळी सरकारी व्यवस्थेत तपासणी नव्हतीच' हे संशोधकांचं उत्तर, आणि 'उपाय माहीत असताना बायकांना नुसतं पाहत राहिलात' हा टीकाकारांचा आक्षेप. मला आक्षेपात दम वाटतो, आणि निकाल उपयोगी ठरला म्हणून तो पुसला जात नाही.

"आपल्याला गिनिपिग करतात"

2009-10 मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्ममला शाळकरी मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प झाला. वसतिगृहात राहणाऱ्या मुलींच्या संमतीपत्रावर पालकांऐवजी वॉर्डनच्या सह्या झाल्याचं उघड झालं. लस वाईट नव्हती. त्या काळात झालेल्या काही मुलींच्या मृत्यूंशी तिचा संबंध चौकशीत सापडला नाही. संमतीची रीत मात्र लाजिरवाणी होती, आणि 2013 मध्ये संसदीय समितीने तिच्यावर कडक शब्दांत ताशेरे ओढले. त्याच सुमारास ट्रायलमधल्या मृत्यूंवरून स्वास्थ्य अधिकार मंच ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली होती. या सगळ्या रेट्यातून नियम आवळत गेले आणि 2019 मध्ये नवी नियमावली आली.

म्हणून दवाखान्यात कुणी 'ट्रायलमध्ये येता का' असं विचारलं, तर घाबरण्याआधी कागद मागा. माहितीपत्रक तुम्हाला कळणाऱ्या भाषेत, म्हणजे मराठीतही, मिळालं पाहिजे आणि सही केलेल्या संमतीपत्राची प्रत तुमच्याकडे राहिली पाहिजे. सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत ट्रायलचा क्रमांक असतो. ती संकेतस्थळावर कुणालाही फुकट पाहता येते. क्रमांक नसेल तर तिथेच थांबा. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाई, हे नियमात आहे. 'मी यात आलो नाही तर मला काय उपचार मिळेल?' हा प्रश्न जरूर विचारा, बहुतेक जण तो विसरतात. घरी नेऊन वाचतो म्हणालात तर त्यात गैर काही नाही. आणि मध्येच नको वाटलं तर कारण न देता बाहेर पडता येतं, नेहमीचा उपचार त्यामुळे थांबवता येत नाही. तो थांबवण्याची भाषा कुणी केली, तर त्याच कागदावर ट्रायलवर देखरेख ठेवणाऱ्या एथिक्स कमिटीचा संपर्क दिलेला असतो.