काळ्या कापडाआड

आज खिशातला फोन काढून क्षणार्धात छायाचित्र घेता येते. ते मनासारखे आले नाही, तर पुसून लगेच दुसरे घेता येते. परंतु पूर्वी ही गोष्ट इतकी सोपी नव्हती. छायाचित्रकार आपला मोठा लाकडी कॅमेरा तिकाटण्यावर चढवी, डोक्यावर काळे कापड घेई आणि कितीतरी वेळ त्या कापडाआड दिसेनासा होई. तो तेथे काय करतो, याचे मुलांना मोठे कुतूहल वाटे. असे कॅमेरे अजून नामशेष झालेले नाहीत. काही हौशी मंडळी ते आजही आवडीने वापरतात आणि त्यांना लागणारी फिल्म आजही तयार होते.

या कॅमेऱ्याची रचना अगदी साधी असते. पुढच्या फळीवर भिंग, मागच्या चौकटीत दुधी काच आणि या दोहोंना जोडणारा घड्यांचा काळा भाता, एवढेच त्याचे मुख्य भाग. भिंगापाशी उघडझाप करणारे शटर असते. भिंगातून आलेल्या प्रकाशाने समोरच्या दृश्याची प्रतिमा दुधी काचेवर उमटते. पण ती उलटी! वरून येणारे किरण भिंगातून खाली जातात आणि खालून येणारे वर. त्यामुळे झाडांचे शेंडे खाली दिसतात, आकाश पायाशी येते आणि उजवीकडचे घर डावीकडे जाते. ही प्रतिमा अंधुक असल्यामुळे बाहेरचा उजेड अडवावा लागतो. काळ्या कापडाचे प्रयोजन हेच.

याची फिल्म रिळाची नसून सुट्या पानांची असते. ४ × ५ इंच हा तिचा रूढ आकार. ८ × १० इंचांची फिल्मही मिळते. रिळाच्या नेहमीच्या फिल्मवरील चित्र अवघे २४ × ३६ मिलिमीटर असते. ४ × ५ इंचांच्या फिल्मचे क्षेत्रफळ त्याच्या दहापटींहून अधिक भरते. म्हणूनच तिच्यावरून मोठे चित्र केले, तरी पानांच्या शिरा आणि दगडांवरील रेघा स्पष्ट उमटतात.

जुना कॅमेरा हाती आला, की प्रथम त्याचा भाता तपासावा. घड्यांच्या कोपऱ्यांत सुईच्या अग्राएवढी भोके पडलेली असतात आणि तेवढ्यातून शिरलेला उजेडही फिल्म बिघडवतो. अंधाऱ्या खोलीत भात्याच्या आत बॅटरी लावावी. बाहेरून चांदण्यांसारखे ठिपके दिसले, तर तेथे काळी चिकटपट्टी लावावी.

त्यानंतर फिल्म भरण्याचा अभ्यास. फिल्म ज्या पातळ चौकटीत ठेवतात, तिला होल्डर म्हणतात. त्यावर एक सरकती झडप असते. फिल्म भरण्याचे काम पूर्ण अंधारात करावे लागते. तेथे डोळ्यांचे काम बोटांनी करायचे असते. फिल्मच्या एका कोपऱ्याला खाचा असतात. फिल्म उभी धरली असता त्या वरच्या उजव्या कोपऱ्यात लागल्या, तर प्रकाशग्राही बाजू आपल्याकडे आहे, असे समजावे. नवशिक्याने वाया गेलेल्या फिल्मवर आधी उजेडात, मग डोळे मिटून आणि शेवटी अंधारात सराव करावा.

चित्र घेताना क्रमाला फार महत्त्व आहे. शटर उघडे ठेवून, भाता पुढेमागे करून काचेवरील प्रतिमा रेखीव करावी. मग भिंगाचे छिद्र आणि शटरची वेळ ठरवावी. छिद्र लहान केले, तर जवळचे व दूरचे दोन्ही स्पष्ट येते. मात्र वेळ अधिक द्यावा लागतो. आता शटर मिटावे, होल्डर काचेच्या पुढे सरकवावा आणि मगच झडप ओढावी. शटर दाबून झाले, की झडप पुन्हा बसवावी. शटर मिटण्यास विसरून झडप ओढली, तर एवढे श्रम फुकट जातात. रसायनात धुतल्यावर फिल्म काळीठिक्कर निघते!

मग एका चित्रासाठी एवढे सायास का करावेत? याचे उत्तर एका प्रसंगात सापडते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात योसेमिटी नावाचे खोरे आहे. तेथे हाफ डोम नावाचा प्रचंड कातळ उभा आहे. १० एप्रिल १९२७ रोजी पंचवीस वर्षांचे अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स मित्रांसह अवघड चढण चढून त्याच्यासमोर पोहोचले. त्यांच्याजवळ असाच मोठा कॅमेरा आणि फिल्मऐवजी बारा काचा होत्या. इतर चित्रांत दहा काचा खर्ची पडल्या; उरल्या दोन. कड्यावर ऊन येईपर्यंत ते थांबले. भिंगापुढे पिवळी काच लावून त्यांनी एक चित्र घेतले. पण लगेच त्यांच्या मनात आले, की या चित्रात आकाश फिकट येईल आणि कड्याची जी भव्यता आपल्याला जाणवते आहे, ती त्यात उतरणार नाही. लाल काच निळा प्रकाश अडवते. ती लावली, तर आकाश काळेभोर होऊन कडा उठून दिसेल. त्यांनी लाल काच लावली आणि शटर पाच सेकंद उघडे ठेवले. शेवटच्या काचेवरचे ते चित्र पुढे जगभर नावाजले गेले. चित्र घेण्यापूर्वी ते मनात पाहावे, हीच शिकवण अ‍ॅडम्स यांनी पुढे जन्मभर दिली.

कॅमेरा हाती नसला, तरी हा अभ्यास करता येतो. एका पुठ्ठ्याला ४ × ५ इंचांची खिडकी पाडावी आणि ती डोळ्यांसमोर धरून घराबाहेर पडावे. पुठ्ठा जवळ-दूर न्यावा, आडवा-उभा करावा. आपल्याजवळ एकच फिल्म आहे, असे मानून दिवसभरात एकच दृश्य निवडावे आणि हेच का निवडले, ते वहीत लिहून ठेवावे. नित्याच्या वाटेवर आजवर न दिसलेले कितीतरी त्या खिडकीतून दिसू लागेल.