वजन पुन्हा वाढलं? आधी वही उघडा



दिवाळीची सुट्टी संपवून हॉस्टेलवर परत आले, बॅग कोपऱ्यात टाकली आणि काट्यावर उभी राहिले. ७०.५ किलो. घरी जाताना ६८ होतं. जूनपासून पाच महिने मेसमधला दुसऱ्यांदा वाढलेला भात नाकारून, संध्याकाळी लॅबमधून चालत येऊन मी ७४ वरून ६८ वर आले होते. पाच दिवसांत त्यातलं अडीच किलो परत!

त्या दिवशी मी वजनाची वही ड्रॉवरमध्ये टाकली ती फेब्रुवारीअखेरपर्यंत बाहेर काढली नाही. काढली तेव्हा काटा ७३.४ दाखवत होता.

हे तुम्हाला सांगायचं कारण असं, की बाबांना मधुमेह आहे आणि माझं एचबीएवनसी ६.० टक्के आलं होतं. ५.७ ते ६.४ हा पट्टा मधुमेहाच्या आधीची पायरी मानला जातो. म्हणजे वजन कमी करणं ही माझ्यासाठी हौस नव्हती. तरीही एका आकड्यामुळे मी तीन महिन्यांहून जास्त काळ सगळंच सोडून दिलं. हे असं का होतं, यावर संशोधन काय सांगतं, आणि ते संशोधन वाचताना आपण काय तपासायला हवं, हे आज पाहू.

आधी साधं गणित

शरीरात एक किलो चरबी साठायला ढोबळमानाने ७,७०० किलोकॅलरी जास्तीच्या लागतात. अडीच किलोसाठी १९,२५० झाल्या. पाच दिवसांत विभागल्या तर रोजच्या ३,८५०. एका बेसनाच्या लाडवाचे १७५ धरले, तर नेहमीच्या जेवणावर रोज २२ लाडू! मी खाल्ले होते, पण इतके नाही.

मग काटा का वाढला? आपल्या यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन साठतं, आणि एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी साठतं. डाएटमध्ये हा साठा कमी झालेला असतो. गोडधोड सुरू झालं की तो भरतो. त्यात चिवडा-चकलीतलं मीठ आणखी पाणी धरून ठेवतं. पोटात न पचलेलं अन्न असतं ते वेगळंच. म्हणजे माझ्या अडीच किलोंतला बराचसा भाग पाण्याचा असणार. चार-सहा दिवस नेहमीसारखं जेवले असते तर तो आपोआप उतरला असता.

पण ते कळायला पुढचे चार-सहा दिवस वजन करायला हवं होतं, आणि मी नेमकं तेच थांबवलं. प्रयोगशाळेत एका रीडिंगवरून निष्कर्ष काढला तर गाईड आपल्याला दारात उभं करणार नाहीत. काट्यावर मात्र आपण बिनदिक्कत तेच करतो.

‘गेलं खड्ड्यात’

१९७५ मध्ये पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक दिला: काहींना एक, काहींना दोन, काहींना काहीच नाही. मग ‘चव तपासा’ असं सांगून त्यांच्यासमोर आइस्क्रीम ठेवलं. प्रत्यक्षात मोजायचं होतं ते कोण किती खातं हे. ज्या एरवी खाण्यावर बंधन घालत नव्हत्या, त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. पोट भरलं होतं, सरळ आहे. पण ज्या एरवी खाण्यावर लक्ष ठेवून असायच्या, त्यांनी मिल्कशेकनंतर उलट जास्त खाल्लं.

जेनेट पॉलिव्ही आणि हर्मन यांनी पुढे या वागण्याला जे नाव दिलं त्याचं आपल्या भाषेत रूप म्हणजे ‘गेलं खड्ड्यात’ परिणाम. नियम मोडलाच आहे, मग आता कशाला मागे राहायचं! एका गुलाबजामने फार नुकसान होत नाही. पण ‘आजचा दिवस गेलाच’ असं म्हणून पुढे जे चार खाल्ले जातात, त्यांचा हिशोब मोठा होतो.

आता संशोधक म्हणून थांबा. हा प्रयोग लॅबमधला आहे, एका गटावरचा आहे, आणि आइस्क्रीमचे डबे समोरच ठेवले आहेत. रोजच्या आयुष्यात असंच होतं का? २००९ मध्ये जेनेट तोमियामा आणि सहकाऱ्यांनी डाएट करणाऱ्या लोकांकडून दिवसभरात वेळोवेळी नोंदी घेतल्या. नियम मोडल्यावर ते सरसकट सुटले, असं त्यांना दिसलं नाही. काही लोकांनी तर नंतर कमी खाऊन भरपाई केली.

दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले तर मला यात आशा दिसते. पाय घसरला की माणूस खाली गडगडणारच, असा कुठलाही नियम नाही. लॅबमध्ये दिसणारी गोष्ट जशीच्या तशी घरी लागू होते असं गृहीत धरायचं नाही, हा धडाही बोनस म्हणून घ्या.

स्वतःला रागावून काय होतं?

आपल्याकडे समज आहे की स्वतःला चार शब्द सुनावले की माणूस ताळ्यावर येतो. २००७ मध्ये क्लेअर ॲडम्स आणि मार्क लिअरी यांनी ८४ विद्यार्थिनींवर हे तपासलं. त्यांच्या रचनेत आधी डोनट खायला दिलं. मग काहींना साधारण अशा अर्थाचं सांगितलं: असं सगळेच कधी ना कधी खातात, स्वतःवर फार कठोर होऊ नका. नंतर चॉकलेट-गोळ्यांची चव घ्यायला सांगितली. खाण्यावर बंधन घालणाऱ्या ज्या मुलींना हे समजुतीचे शब्द मिळाले होते, त्यांनी नंतर कमी गोळ्या खाल्ल्या.

सॅम्पल लहान आहे, परिणाम काही मिनिटांचा आहे. यावरून ‘स्वतःवर प्रेम करा, वजन घटेल’ असं पोस्टर काढू नका. इतकंच म्हणता येईल, की स्वतःशी नीट बोलल्याने शिस्त सुटते ही भीती या प्रयोगात खरी ठरली नाही.

शरीरही आपल्या बाजूने नसतं

वजन परत वाढलं की आपण ‘माझ्यात जिद्दच नाही’ असा निकाल देतो. २०११ चा मेलबर्नमधला अभ्यास पाहा. प्रिया सुमित्रन, जोसेफ प्रोइटो आणि सहकाऱ्यांनी ५० जणांना दहा आठवडे अतिशय कमी कॅलरीचा आहार दिला. सरासरी १३.५ किलो वजन उतरलं. मग भुकेशी संबंधित हार्मोन्स मोजली. लेप्टिन, म्हणजे साठा पुरेसा आहे असं मेंदूला कळवणारं हार्मोन, खाली गेलं होतं. घ्रेलिन, म्हणजे भूक वाढवणारं, वर गेलं होतं. खरी गोष्ट पुढे आहे: एका वर्षानंतरही ही पातळी पूर्ववत झाली नव्हती, आणि लोकांना भूकही आधीपेक्षा जास्त लागत होती.

म्हणजे कमी झालेलं वजन टिकवताना तुम्ही रोज थोडं चढावर चालत असता. दम लागला म्हणजे चालणारा आळशी, असं कोणी म्हणत नाही. चढ आहे हे आधीच माहीत असेल तर वेग जरा कमी ठेवता येतो.

(हा आहार फार कडक होता आणि सगळे सहभागी शेवटपर्यंत टिकले नाहीत, हेही ध्यानात ठेवा. हळूहळू वजन कमी करणाऱ्यांना हेच आकडे लावू नका.)

एक दिवस चुकला तर सवय मोडते का?

‘२१ दिवसांत सवय लागते’ हे तुम्ही ऐकलं असेल. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ स्वयंसेवकांवर १२ आठवडे अभ्यास केला. तो २०१० मध्ये छापून आला. सवय अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवसांचा आला आणि पल्ला १८ ते २५४ दिवसांचा. आता विचार करा, अभ्यास ८४ दिवसांचा, मग २५४ कुठून आले? ते प्रत्यक्ष मोजलेले नाहीत. आलेख पुढे वाढवून काढलेला तो अंदाज आहे. पेपर वाचताना असे प्रश्न पडायला हवेत.

आपल्या कामाचं वाक्य मात्र वेगळं आहे: एखादा दिवस चुकल्याने सवय घडण्यात फारसा फरक पडला नाही. साखळी तुटली म्हणून पुन्हा शून्यापासून मोजायची गरज नाही.

परत वाढलं तर सगळं फुकट?

माझ्यासाठी हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न होता. २००२ मध्ये अमेरिकेतल्या डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅमचे निष्कर्ष आले. मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे ३,२३४ लोक. आहार, आठवड्याला दीडशे मिनिटं व्यायाम आणि ७ टक्के वजन कमी करण्याचं लक्ष्य, असा एक गट. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. पुढच्या वर्षांत या लोकांचं बरंचसं वजन परत वाढलं. तरीही २००९ मध्ये दहा वर्षांचा हिशोब मांडला, तेव्हा प्रमाण ३४ टक्क्यांनी कमीच होतं.

आपल्याकडचा पुरावाही आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी ५३१ भारतीयांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत साध्या सल्ल्याच्या गटात ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला, तर जीवनशैली बदललेल्या गटात ३९.३ टक्के. आणि या गटाचं वजन फारसं उतरलंच नव्हतं. म्हणजे चालणं आणि जेवणातला बदल यांचा फायदा काट्यावर दिसला नाही, तरी तो होत असतो. फक्त काटा पाहून सगळं सोडणारा माणूस हा फायदाही सोडून देतो.

मग करायचं काय?

१. वजन ठरावीक वेळी करा, सकाळी, काही खाण्याआधी. सात दिवसांची सरासरी काढा आणि तुलना सरासरीची सरासरीशी करा. काट्यावर उभं राहण्यानेच दिवस खराब होत असेल, तर कंबरेचं माप महिन्यातून एकदा घ्या. नोंद हवी, ती कुठली हे तुम्ही ठरवा.

२. पाय घसरला तर तीन ओळी लिहा: कधी, कुठे, आधी काय घडलं होतं. ‘मी किती नालायक’ हे निरीक्षण नव्हे, ते लिहू नका. माझ्या वहीत चार वेळा एकच गोष्ट सापडली: दुपारचं जेवण चुकलं होतं.

३. पुढचं जेवण नेहमीचं ठेवा. भरपाई म्हणून उपास नको. रात्री तो जास्तच महागात पडतो.

४. ‘जर-तर’ ठरवून ठेवा. पीटर गॉलविट्झर यांनी यावर बरंच काम केलं आहे. ‘कमी खाईन’ हे मोघम झालं. ‘जर प्रयोग दोनपर्यंत लांबला, तर बॅगेतले फुटाणे खाईन’ हे करता येतं.

५. वजनाशिवाय एक तरी दुसरं माप ठेवा: चाललेली मिनिटं, चढलेले जिने, सहा महिन्यांनी रक्ततपासणी.

खाण्याचा विचार दिवसभर पाठ सोडत नसेल, लपून खाणं किंवा मुद्दाम उलटी करणं असं काही होत असेल, तर हे उपाय बाजूला ठेवा आणि डॉक्टर किंवा समुपदेशकाशी बोला. त्यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही.

पीएचडीला आलात की पहिल्याच वर्षी शिकाल: फसलेला प्रयोगही तारखेसह वहीत लिहायचा असतो. पान फाडायचं नसतं. उत्साह परत येईल मग वही उघडू, असं मी तीन महिने म्हणत बसले. प्रत्यक्षात वही उघडून ७३.४ लिहिलं, त्यानंतर चारेक दिवसांनी थोडा उत्साह आला. क्रम उलटा होता.

सध्या सात दिवसांची सरासरी ७१.२ आहे. एचबीएवनसी पुढच्या महिन्यात करायचं आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारीची पानं तशीच कोरी ठेवली आहेत. माझ्या वहीतला सगळ्यात महागडा डेटा तोच.

तुमची वही कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे? आज काढा, आजचा आकडा लिहा. काही अडलं तर जरूर विचारा.