म्हणी जुन्या, उत्तरे नवी

दर रविवारी सकाळी आम्ही आमच्या वस्तीतल्या मुलांचा अभ्यास घेतो. आठवडाभर कचेरीत आकडेमोड करून शिणलेले डोके मुलांत बसले की हलके होते. मागच्या रविवारी पाचवी-सहावीच्या मुलांना म्हणींचे अर्थ लिहायला सांगितले. अर्थ राहिले बाजूला, मुलांनी म्हणींचीच उलटतपासणी घेतली!

‘थेंबे थेंबे तळे साचे.’ एकाने लिहिले, “आमच्या नळाला थेंबे थेंबेच पाणी येते. तळे राहू द्या, हंडासुद्धा भरत नाही.”

‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात.’ “थंडीत दिसत नाहीत. आई गोधडी टाकते.”

‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी.’ “आमच्याकडे खाट नाही. आई रेशनच्या रांगेत उभी राहते तेव्हा तांदूळ मिळतो.”

हसून हसून आमची पुरेवाट झाली.

मग ‘पायीची वहाण पायीच बरी’ ही म्हण आली. एका मुलीने लिहिले होते, “बरोबर आहे. वहाण डोक्यावर घेतली तर पायात काटा मोडेल.” पुन्हा हशा पिकला. तिने विचारले, “सर, खरा अर्थ काय?”

आम्ही क्षणभर गप्प झालो. मग सांगितले, “हलक्या मानलेल्या माणसाला त्याच्या पायरीवरच ठेवावे, असा.”

“म्हणजे वहाण म्हणजे माणूस?”

“हो. आपल्या आज्या-पणज्यांसारख्यांना उद्देशूनच हे बोलत.”

ती थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, “मग माझाच अर्थ बरोबर धरा.”

आम्ही तिला पूर्ण गुण दिले.

म्हणी टाकाऊ नाहीत. ‘ज्याचे जळते त्याला कळते’ ही म्हण तर कष्टकऱ्याच्या मनातलीच वाटते. आल्फ्रेड मॅनवारिंग यांनी १८९९ साली मराठी म्हणींचा संग्रह इंग्रजी भाषांतरासह छापला. अशा संग्रहांत पिढ्यांचे शहाणपण आहे, तशी पिढ्यांची उतरंडही आहे. छापले म्हणून सगळेच खरे मानायचे कारण नाही.

तेव्हा माता-पित्यांनो, मुलाने म्हणीची टिंगल केली तर ‘मोठ्यांना शिकवतोस काय?’ म्हणून चापट मारू नका. रात्री जेवताना एक म्हण सांगा, त्याचे उत्तर ऐका, हसा. आणि त्याने खरा अर्थ विचारला, तर तो लपवू नका.