आटलेल्या मायेची ओवी

प्रेम विटल्याची कोरियन गाणी हल्ली आपल्याकडच्या मुली मोबाइलवर ऐकतात. भाषा कळत नाही, पण ठेका आणि आवाजातली ओढ काळजाला भिडते. परभणीच्या मातीत विटलेल्या प्रेमाचं दुःख गाण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या जात्यावरच्या ओवीनं केलं. ती घडते कशी, ते सावकाश पाहू.

आधी ठेका. पहाटे दोघी जणी जात्याला समोरासमोर बसत. एका खुंट्याला दोघींचा हात. तबला नाही, ढोलकी नाही, दगडाचा फेरा हाच ताल. मूठभर ज्वारीची वैरण पडली की जातं जड होतं, घरघर खोल जाते आणि गाणारीचा सूरही लांबतो.

मग चाल. बाया तिला ‘गळा’ म्हणतात. सूर मोजके, जवळजवळचे. ओवी बहुधा दोन ओळींची, शेवटी यमक. पण गाताना ती सरळ येत नाही. अर्धी ओळ म्हणायची, ‘बाई’, ‘गं’ घालून तीच पुन्हा घ्यायची, मग पुढे सरकायचं. एकीनं टाकलेली ओळ दुसरी उचलते. त्यामुळे दुःख एका दमात सांगून होत नाही. ते फेऱ्याफेऱ्यानं उलगडतं.

आता बोल. पहिली ओवी देवाची. माहेर, भाऊ, लेकरं उघडपणे येतात. नवऱ्याची आटलेली माया मात्र सासरी बोलून दाखवणं कठीण. ती तक्रार रुक्मिणीच्या किंवा सीतेच्या वाट्याला जाते.

संत जनाबाई परभणी जिल्ह्यातल्याच गंगाखेडची. विठ्ठल तिच्याबरोबर दळायला बसतो, ही भक्तीची कथा सर्वांना ठाऊक. ओव्यांमधली रुक्मिणी मात्र त्याच कथेकडे बायकोच्या नजरेनं पाहते: देव रात्री होता कुठे, जनी याची कोण लागते? ती संशय घेते, टोचून बोलते, रुसते. सवतीचा सल असा देवळातून घरात येतो.

सीतेच्या ओव्या याहून एकाकी. टाकून दिलेली सीता रानात रडते आणि तिची समजूत घालायला बोरी-बाभळीच बाया होऊन येतात. पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसच्या ओव्यांमध्येही सीतेचा हा वनवास आहे. नाव सीतेचं, म्हणून घरात कुणी जाब विचारत नाही. खुंट्याला हात लावलेल्या दुसरीला मात्र बोल कुणाचा ते कळतं. दळण सरेपर्यंत मनही थोडं मोकळं झालेलं असतं.

पिठाच्या गिरण्या आल्या, बायांचे कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. पण ओवीचा ठेका गेला. अभ्यासक गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, म्हणून हा ठेवा पुष्कळसा वाचला. तरी तुमच्या आजीचा गळा त्यात असेलच असं नाही. तिला जात्यापाशी बसवा, मोबाइल सुरू करा आणि नुसते शब्द उतरवून न घेता चालीसकट ओवी जपून ठेवा.